गुंडूची साडेपाचची वाटी

अक्का, साडेपाच वाजले की गुंडू अजून तुमच्याच पायरीवर जाऊन बसतो. घड्याळ त्याला कुणी शिकवलं देव जाणे. ऊन तुमच्या कठड्यावरून उतरून समोरच्या गिरणीच्या पत्र्यावर गेलं, की तो माझ्या खानावळीच्या दारातून उठतो, अंग झाडतो आणि तुमच्या बंद दारासमोर पुढचे पाय जुळवून बसतो. मी हाक मारते. तो कान हलवतो, मान काही वळवत नाही. आज अकरावा दिवस आहे.

तुमच्याबद्दलची बाकीची माहिती तुमच्या लेकानं, सन्मतीनं पेपरात दिली आहे. फोटो चांगला निवडलाय पोरानं, पांढऱ्या साडीतला, चष्मा न लावलेला. माहेर कुठलं, सासर कुठलं, मागे कोण कोण आहे, सगळं आलंय. गुंडू त्यात नाही आणि मीही नाही, ते बरोबरच आहे. शेजारणीचं नाव कोण घालतं? पण आपल्या दोघींमधलं एक असं आहे, जे तुम्हालाही माहीत नव्हतं. ते सांगायला बसले आहे. तुम्ही होता तेव्हा सांगायला आठ महिने मिळाले होते, आणि तुमच्या आणि माझ्या दारात अंतर चार पावलांचं.

तुम्ही म्हणाल, सुजा, आधी बस, पाणी पी, मग बोल. बसलेच आहे, अक्का. तुमच्याच पायरीवर बसले आहे, गुंडूच्या शेजारी.

हा गुंडू आधी कुणाच्या दारात आला, यावरून आपलं किती वर्षं भांडण चाललं. मी म्हणायची, माझ्या. शाहूपुरीतल्या या बोळात मटणाचा वास सुटतो तो फक्त माझ्या खानावळीतून, मग कुत्रं काय तुमच्या वरणाच्या वासानं येणार? तुम्ही म्हणायच्या, आला असेल तुझ्या वासानं, पण निजला माझ्या पायरीवर. दोन्ही खरं होतं. एक कान मोडलेलं ते तांबूस पिल्लू दुपारी माझ्याकडे जेवायचं आणि साडेपाचला तुमच्याकडे. तुम्ही दिवस मावळल्यावर तोंडात घास घालत नव्हता, आणि तो नियम तुम्ही त्यालाही लावून टाकला. दिवेलागण झाल्यावर भाकरीचा तुकडा दाखवला तरी तो तुमच्या दाराकडे बघून मग घ्यायचा. आमची गिऱ्हाइकं हसायची. म्हणायची, वहिनी, तुमचं कुत्रं जैन झालं की.

तेव्हा मी तुम्हाला मुद्दाम डिवचायची. अक्का, कुत्र्याला मटण लागतं, तुमच्या दूधभाकरीनं त्याच्या अंगात काय जाणार? मला वाटायचं तुम्ही चिडाल, अहिंसा सांगाल. तुम्ही एकदाच उत्तर दिलंत, तांदूळ निवडता निवडता. "त्येचा जीव तसा घडलाय, त्यो खाणारच. त्येला मी काय सांगू? माझ्या हातनं नको, एवढंच." आणि परत तांदळात बोटं घातलीत. यावर वाद कसा घालायचा ते मला अजून कळलेलं नाही. समोरच्यानं भांडायला काही शिल्लकच ठेवलं नाही, की माझ्यासारख्या बाईची फार पंचाईत होते.

मग ते खाजेचं प्रकरण सुरू झालं. दोन वर्षांपूर्वीच्या थंडीत गुंडू दिवसभर अंग खाजवत बसायचा, पोट चाटून चाटून लालभडक केलेलं, शेपटीजवळचे केस गेलेले. बोळातल्या प्रत्येकाकडे औषध होतं. कुणी गंधक सांगितलं, कुणी कडुनिंबाचं तेल. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्या पांडुरंगभाऊंनी तर गाडीतलं काढलेलं जळकं ऑइल डब्यातून आणून दिलं. म्हणाले, गावाकडं सगळ्या कुत्र्यांना हेच चोळतात, वहिनी, दोन दिवसात खरूज गायब. मी डबा घेतला, चिंधी बुडवली, तोवर तुम्ही अनवाणी खाली आलात आणि डबा माझ्या हातून काढून घेतलात. ते सगळं तो चाटणार, पोटात जाणार, हे तुम्हाला सुचलं. मला नाही सुचलं. त्याच दुपारी आपण दोघींनी त्याला रिक्षात घालून जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. तो सगळी वाट तुमच्या मांडीवर आणि त्याचं शेपूट माझ्या तोंडावर.

डॉक्टरांनी कातडीचं काहीतरी खरवडून काचेवर घेऊन बघितलं. खरूज नाही म्हणाले. कातडी कोरडी पडली आहे, काहीतरी बाधतंय, गोळ्या देतो. आणि मग म्हणाले, घरात ओट्स आहेत का?

तुमचा चेहरा मला आठवतो. ओट्सचा तो मोठा डबा सन्मतीनं तुमच्या साखरेसाठी पुण्याहून पाठवला होता, आणि तुम्ही तो सहा महिने फडताळाच्या वरच्या खणात कोंडून ठेवला होता. एकदा करून खाल्लं आणि मला सांगितलंत, ह्ये म्हंजे भिजलेला भुस्सा हाय. आता डॉक्टर सांगत होते की तेच मिक्सरला अगदी पिठासारखं बारीक करायचं, कोमट पाण्यात मिसळायचं, पाणी दुधासारखं झालं पाहिजे. त्यात त्याला उभं करून दहा मिनिटं हळूहळू अंगावर ओतत राहायचं, मग साध्या पाण्यानं धुऊन नीट कोरडं करायचं. खाज शमते, कातडी मऊ राहते. आजार बरा करणारं औषध नव्हे, पण आराम पडतो. खायलाही चालतात, म्हणाले. नुसत्या पाण्यात मऊ शिजवून, गार करून, जेवणाबरोबर दोन-तीन चमचे. मीठ नको, साखर नको, दूध नको. पोटाला हलके, पोट साफ राहतं. फक्त तेवढ्यावर कुत्रं ठेवायचं नाही, त्याला त्याचं दुसरं खाणं लागतंच. हे शेवटचं वाक्य ऐकून मी तुमच्याकडे विजयानं बघितलं, आणि तुम्ही न बघितल्यासारखं केलंत.

तुमच्या मागच्या अंगणातली ती पहिली अंघोळ. तुम्ही पाणी कोपरानं तपासलंत, बाळंतिणीच्या घरी तपासतात तसं. मी गुंडूला धरून उभी, आणि तो अंगावर पडणारं पाणी वरच्यावर चाटून संपवतोय. अर्धं अंगाला लागलं, अर्धं पोटात गेलं. तुम्ही त्याला सांगत होता, अरे लेकरा, जेवाण साडेपाचला हाय, ही अंघूळ हाय. माझ्या हसण्यानं हात सुटला आणि त्यानं अंग झाडलं, ते सगळं तुमच्या पांढऱ्या साडीवर. साबणानं धुतली की साडी स्वच्छ होत होती, पण तुम्ही त्या दिवसानंतर अंघोळीची म्हणून एक वेगळी जुनी साडी काढून ठेवली. तिला आपण ओट्सची साडी म्हणायचो.

आठ-दहा अंघोळी आणि डॉक्टरांच्या गोळ्या, एवढ्यात त्याचं पोट माणसात आलं. केस यायला मात्र उन्हाळा उजाडला. तुम्ही रोज साडेपाचला तीन चमचे मऊ ओट्स वाटीत घालून, त्यात थोडी भाकरी कुस्करून, पायरीवर बसून त्याला स्वतःच्या बोटांनी भरवायच्या. मी म्हणायची, अक्का, वाटी खाली ठेवा, त्याला तोंड आहे. तुम्ही म्हणायच्या, तोंड हाय की, पर मला हात बी हायत.

आणि माझे हात. तेही सांगायला हवं, कारण नुसतं गुन्ह्याचं सांगितलं तर हे अपुरं राहील. चैत्रात माझी वर्षाची कांदा-लसूण चटणी होते. मिरच्या भाजायच्या, कांदा वाळवून तळायचा, लसूण, खोबरं, सगळं कुटून डब्यात भरायचं. त्या वर्षी कामाची बाई आली नाही आणि मी एकटीनं सगळं कालवलं. हात असे भगभगायला लागले की मी नळाखाली धरून रडत उभी होते. तुम्ही त्या वासात कधी पाऊल टाकत नव्हता. कांदा-लसूण तुमच्या घरात शिजतच नव्हता, आणि चटणीच्या दिवसांत तर तुम्ही माझ्याकडची खिडकीही लावून घ्यायच्या. त्या दिवशी तुम्ही नाकाला पदर लावून माझ्या स्वयंपाकघरात आलात, हातात घमेलं. माझे दोन्ही हात त्यात बुडवलेत. मी विचारलं, गुंडूचं आहे का हे? "त्येचं न्हवं. तुझ्यासाठी येगळं केलंय, चांगलं वस्त्रगाळ." त्यातलं ओट्सनं किती थांबलं आणि तुम्ही माझी मनगटं धरून तासभर बसलात त्यानं किती थांबलं, मला माहीत नाही. माझ्या आईनं माझे हात असे कधी धरल्याचं मला आठवत नाही, अक्का. हे तेव्हाच सांगायला हवं होतं. मी काय म्हटलं, तर पाणी फार गार झालंय.

आता पुढचं.

मागच्या मे महिन्यात तुम्ही दहा दिवस सन्मतीकडे गेलात. जाताना ओट्सचा डबा, वाटी आणि तो चमचासुद्धा माझ्याकडे दिलात. तीन चमचे, नुसत्या पाण्यात, दिवस मावळायच्या आत. तीन वेळा सांगितलंत. मी म्हटलं, जावा हो, माझ्याकडे रोज चाळीस पानं उठतात, एक कुत्रं मला जड आहे का?

पहिल्या दिवशी मी तुमच्यासारखे केले. त्यानं वास घेतला आणि दाराकडे बघत बसला. खाल्लं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. त्याला ओट्स नको होते असं नव्हतं, त्याला तुम्ही हव्या होता, हे आज कळतं. तेव्हा मला राग आला. माझ्या हातचं खायला माणसं सांगली-मिरजेहून येतात आणि हे बोळातलं कुत्रं तोंड फिरवतं. तिसऱ्या दिवशी मी ते ओट्स पांढऱ्या रश्श्यात शिजवले.

मला खरंच वाटलं, अक्का, की पांढऱ्यानं काही होत नाही. तांबडा मी त्याला कधी घातला नाही, तिखट बाधेल एवढी अक्कल मला होती. पण पांढरा? आपल्याकडे आजाऱ्याला देतात, लहान पोरांना देतात. मटणाचं पाणी, नारळाचं दूध, तीळ, खसखस. त्यातला वाटलेला लसूण आणि कांदा मी मोजतच नाही. आमच्यात ते पाण्यासारखं, घातलं म्हणून कुणी सांगत नाही. गुंडूनं वाटी चाटून लख्ख केली. मी त्याच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिले आणि मनात तुम्हाला म्हटलं, बघा. मग रोज तेच. तीन चमच्यांचे सहा झाले. ओट्स तुमचे, रस्सा माझा, आणि श्रेय सगळं माझ्याकडे.

तुम्ही आलात तेव्हा तो उठून आला, पण धावला नाही. तुम्हाला तिथल्या तिथे कळलं. पिशवी हातात तशीच ठेवून तुम्ही त्याचा ओठ वर केलात आणि म्हणालात, ह्येच्या हिरड्या पांढऱ्या पडल्यात गं. पुन्हा रिक्षा, पुन्हा तुमची मांडी. या वेळी शेपूट हललं नाही.

डॉक्टरांनी डोळे बघितले, पोट दाबलं, लघवीचा रंग विचारला. लालसर होती, ते मी सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "खाण्यात कांदा, लसूण असं काही गेलंय का?"

मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं, अक्का. पण तुम्ही माझ्याआधी बोललात, आणि ते म्हणताना तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवलात. "आमच्या घरात कांदा-लसूण येतच न्हाय. आन् ह्या दिवसांत ही घालत व्हती. मी सांगून गेल्ते तसंच घातलंय तिनं, फकस्त ओट्स."

त्या हाताखाली मी गप्प उभी राहिले. डॉक्टर म्हणाले, मग तूर्त ओट्सही बंद करा, बघू काय बाधलं ते. सलाइन लावलं. तुम्ही टेबलाजवळ उभ्या राहून त्याच्या डोक्यावरून हात फिरवत होता, आणि तुमचे ओठ हलत होते. तुम्ही णमोकार मंत्र म्हणत होता.

मी अगदीच वाईट बाई नाही, हे तुम्हाला कळावं म्हणून सांगते. तुम्हाला घरी सोडून मी तासाभरात परत डॉक्टरांकडे गेले आणि सगळं सांगितलं. ते चिडले. चिडायलाच हवं होतं. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तावर जातो, म्हणाले, शिजवलेलाही, वाटलेलाही, थोडा थोडा रोज गेला तरी. तिखट नाही म्हणून काही होत नाही ही समजूत काढून टाका. मग त्यांनी औषध बदललं, रक्त तपासलं. निघताना त्यांनी मला थांबवलं. ओट्सचा यात काही दोष नाही, ते त्याला चांगलेच होते, हे अक्कांना सांगा म्हणाले. नाहीतर त्या उगाच मनाला लावून घेतील.

मी म्हटलं, सांगते.

अक्का, त्या एका शब्दावर मी आठ महिने काढले.

गुंडू पंधरा दिवसांत उभा राहिला, महिन्यात बोळातल्या मांजरांच्या मागे लागला. मी माझा रस्सा त्याच्यापासून दूर ठेवला, उकडलेलं मटण बाजूला काढून, मीठसुद्धा न घालता देऊ लागले. म्हणजे बाकी सगळं मी दुरुस्त केलं. फक्त तुमच्याशी बोलायचं राहिलं. आणि तुम्ही त्याला हातानं भरवणं सोडलंत. पहिल्या दिवशी साडेपाचला तुम्ही भाकरीची वाटी घेऊन खाली आलात आणि ती माझ्या हातात दिलीत. "तूच घाल. माझ्या हाताला यश न्हाय." मी म्हटलं, असलं काही नसतं हो. एवढंच म्हटलं. खरं तर तिथे एकच वाक्य पुढे बोलायचं होतं.

रोज तुम्ही वाटी द्यायच्या आणि वरच्या पायरीवर बसून लांबून बघायच्या. तो खाता खाता तुमच्याकडे यायचा, तुमच्या पावलांवर हनुवटी ठेवायचा. तुम्ही हात मांडीखाली घेऊन बसायच्या. मी ते बघायची आणि आत जाऊन गिऱ्हाइकांवर ओरडायची.

का नाही सांगितलं? यावर मी खूप विचार केला आहे. आधी वाटलं, तुम्ही बोलाल. मग कळलं की तुम्ही बोलणार नाही, आणि ते जास्त वाईट. नंतर वाटलं, जाऊ दे, कुत्रं तर बरं झालं. पण खरं कारण याहून हलकं आहे. तुम्ही डॉक्टरांसमोर माझ्यासाठी शब्द टाकला होता. माझ्या रश्श्याचं कौतुक गावानं केलंय, पण माझ्यासाठी असा शब्द कुणी टाकला नव्हता. तो मला मोडवेना. तो खोटा ठरू नये म्हणून मी तुमच्या हाताला खोटं पाडलं.

आणि मग क्षमावाणीचा दिवस आला. पर्युषण संपलं की तुम्ही दरवर्षी माझ्या दारात यायच्या, हात जोडायच्या आणि वर्षभरात कळत-नकळत काही चुकलं असेल तर माफ कर म्हणायच्या. पहिल्या वर्षी मी घाबरले होते, मोठ्या माणसानं हात जोडल्यावर काय करायचं ते मला ठाऊक नव्हतं. नंतर सवय झाली. मीही हात जोडायची, म्हणायची, माझंही चुकलं असेल ते सोडून द्या, आणि तुम्हाला केळी द्यायची. मागच्या सप्टेंबरात तुम्ही आलात, हात जोडलेत, आणि मी ठरवलं होतं, आज. शब्द जुळवून ठेवले होते. पण तुम्ही माझ्यापुढून वळून गुंडूकडे गेलात. गुडघे दुखत असताना खाली बसलात. त्याच्यासमोर हात जोडलेत. "बाळा, माझ्या हातनं तुझ्या जिवाला तरास झाला. उत्तम क्षमा."

गुंडूनं तुमचे जोडलेले हात चाटले. तुम्ही रडलात. मी दारात केळी घेऊन उभी होते.

त्यानंतर बोलायची माझी हिंमतच संपली. ज्या गोष्टीची माफी तुम्ही मागून बसलात ती तुमची नव्हतीच, हे कुठल्या तोंडानं सांगायचं? दिवाळी गेली, थंडी आली, तुम्हाला धाप लागायला लागली. दवाखान्यात मी दोनदा आले. दोन्ही वेळा तुम्ही आधी गुंडूचं विचारलंत, आणि मी सांगितलं, छान आहे, तुमची वाट बघतोय. तेही खरं होतं. मी तुम्हाला सगळं खरंच सांगत आले, एक सोडून.

काल सन्मती आला होता. घर बंद करून जायचं म्हणत होता. गुंडूचं काय करायचं ते आपलं न बोलता ठरलेलंच होतं. त्यानं वाटी माझ्यापुढे ठेवली, चमचा ठेवला. ओट्सचा डबा मात्र ठेवला नाही. म्हणाला, "वहिनी, आईनं शेवटी एकच सांगितलंय. गुंडूला ओट्स घालू नको म्हण सुजाला, माझ्या ओट्सनं त्यो मरता मरता वाचलाय."

शेवटी, अक्का. तुम्ही श्वास गोळा करून बोलायच्या तेव्हा. त्यातले एवढे शब्द तुम्ही माझ्या खोट्यावर खर्च केलेत.

मी तिथेच, तुमच्या उंबऱ्याशी बसून सन्मतीला सगळं सांगितलं. रस्सा, डॉक्टर, तुमचा हात माझ्या खांद्यावर, केळी. एक शब्द कमी केला नाही. तो उभाच होता. मला वाटत होतं त्यानं ओरडावं. तुमचाच पोरगा, ओरडतोय कुठला.

मग म्हणाला, "ती फोनवर रोज म्हणायची, आज गुंडूनं माझ्या पायावर डोकं ठेवलं, पर मी हात लावला न्हाय."

मी मान खाली घातली. जाऊ दे असं तो काही म्हणाला नाही, आणि मीही ते मागितलं नाही. माझं चुकलंय ते तुमच्याशी, त्यानं परस्पर माफ करायचं ते काय? पण थोड्या वेळानं तो आत गेला, फडताळाच्या वरच्या खणातून डबा काढून आणला, आणि तुमचं ते ओट्स शिजवायचं लहान पातेलंही. दोन्ही माझ्या ओटीत ठेवलं. म्हणाला, "तुमच्या भांड्यांत मिसळू नका. आन् दिवस मावळायच्या आत."

आज माझ्या स्वयंपाकघरात मी दुपारची भांडी आवरून ओटा दोनदा धुतला. हात साबणानं धुतले, वास घेतला, पुन्हा धुतले. माझ्या हातांचा लसूण जात नाही, अक्का, तीस वर्षांचा आहे. म्हणून शेवटी मिक्सरला थोडे ओट्स फिरवले, कोमट पाण्यात कालवले आणि त्यात मनगटापर्यंत हात बुडवून बसले, तुम्ही बसवलं होतं तशी. मग तुमच्या पातेल्यात तीन चमचे, नुसत्या पाण्यात.

गुंडू पायरीवर बसला होता. वाटी पुढे केली तर त्यानं वास घेतला आणि तुमच्या दाराकडे बघितलं. मी रागावले नाही. खाली बसले, वाटीत बोटं घातली आणि थोडं थोडं करून त्याच्या तोंडापुढे धरलं. बराच वेळ धरावं लागलं. मग त्यानं खाल्लं. वाटी संपवली, माझी बोटं चाटली आणि नंतर तुमच्या उंबऱ्यावर हनुवटी ठेवून पडून राहिला.

क्षमावाणीला अजून कितीतरी महिने आहेत आणि मला तेवढं थांबवत नाही. म्हणून आजच हात जोडते, ओट्सचे, ओले आहेत तसेच. कळत-नकळत म्हणणार नाही, मला सगळं कळत होतं. उत्तम क्षमा, अक्का. तुमच्या हातचं त्याला कधीच बाधलं नव्हतं.